२३ सेंटिमीटर खोल खिडकी

पुण्यातल्या एका सोसायटीची उत्तरेकडची भिंत. १२ मीटर रुंद, १५ मीटर उंच, एकही खिडकी नाही. फाटकातून आत येणाऱ्याला सगळ्यात आधी हीच दिसते. तिच्यावर चित्र रंगवायचं काम माझ्याकडे आलं. कमिटीची मागणी ठरलेली होती: भिंत फुटली आहे, आतून धबधबा कोसळतोय, मागे दरी. नमुन्याचा फोटो मोबाईलवर तयारच होता. मी म्हटलं, रंगाचं बोलण्याआधी एकदा प्रोजेक्टर लावून पाहू.

प्रोजेक्टर फाटकाशी, भिंतीपासून २० मीटरवर आणि डोळ्याच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर ठेवला. याचा एक फायदा असतो. त्या जागेवरून जसं दिसायला हवं तसं काढलेलं चित्र त्याच जागेवरून टाकलं, की खोलीचं गणित वेगळं करावं लागत नाही. आवारातले दिवे घालवले. फाटकाशी उभे असलेले सगळे खूश. तेवढ्यात बाजूच्या बाकावरून एक काकू म्हणाल्या, "अहो, इथून तर दरी तिरकी दिसतेय. कड्यावर भिंत चिकटवल्यासारखं वाटतंय."

काकूंचं बरोबर होतं. बाक फाटकापासून ८ मीटर बाजूला. भिंतीमागे ३ मीटरवर खरोखर काही असतं, तर बाकापर्यंत जाताना ते भिंतीच्या प्रतलावर सुमारे एक मीटर सरकलेलं दिसलं असतं. रंगवलेलं सरकत नाही. माणूस चालत असतो, दोन पावलांत मेंदूला फसवणूक कळते. धबधबा फक्त फाटकात उभं राहून काढलेल्या फोटोत चालला असता. तिथे रोज कोण उभं राहणार? वॉचमन.

मग त्याच भिंतीवर दुसरं चित्र टाकलं: इमारतीच्या पुढच्या बाजूला आहेत तशाच खिडक्या, तेच छज्जे, तेच ग्रिल. इथे खोली फक्त ९ इंची भिंतीची, म्हणजे २३ सेंटिमीटर. बाकावरून पाहिल्यावर चूक येते ९ सेंटिमीटरची, आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. काकू बाकावरून उठून फाटकापर्यंत चालत आल्या आणि म्हणाल्या, "या चालतील." चित्र तिथेच ठरलं.

उथळ खोली निवडली तरी आकडे चुकवून चालत नाहीत. भिंतीवरच्या चित्रांत हमखास दिसणारी चूक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या सिलचा, म्हणजे खालच्या कठड्याचा, वरचा पृष्ठभाग दाखवणं. खाली उभ्या माणसाला तो कधीच दिसत नाही, त्याला लिंटेलची, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईची, खालची बाजू दिसते. ती किती, तेही ठरलेलं आहे. ११ मीटर उंचीवरच्या लिंटेलखाली २० मीटरवरून सुमारे ११ सेंटिमीटरचा पट्टा दिसतो, अडीच मीटरवरच्या लिंटेलखाली जेमतेम १. बाहेर ४५ सेंटिमीटर आलेल्या छज्ज्याची खालची बाजू त्याच ११ मीटरवर २२ सेंटिमीटर दिसते. सगळ्या खिडक्या एकाच स्टेन्सिलने मारल्या की वरचे मजले चपटे वाटतात, त्याचं कारण हे. आम्ही प्रत्येक मजल्याचं वेगळं स्टेन्सिल कापलं, ओळंबा सोडून उभ्या रेषा घेतल्या आणि आडव्या रेषा सूत मारून.

बारीक काम मात्र मुद्दाम टाळलं. २० मीटरवरून एकमेकींपासून ६ मिलिमीटरपेक्षा जवळच्या दोन रेघा डोळ्याला वेगळ्या कळत नाहीत. त्यात सँडफेस, म्हणजे वाळूच्या खरखरीत, प्लास्टरवर बारीक रेघ तुटतेच. ग्रिलची पट्टी २ सेंटिमीटर, तिचा उजेड आणि सावली मोठ्या ब्रशने. परांचीवरून ते ओबडधोबड दिसतं आणि हौशी चित्रकाराला तिथेच सुधारायचा मोह होतो. खाली उतरून बघितल्याशिवाय काही सुधारू नये.

सावलीबाबत उत्तरेची भिंत हे नशीबच. पुण्यात भर दुपारी या बाजूला ऊन येतं ते साधारण मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, आणि त्यातला बराच काळ आभाळ असतं. एरवी उजेड पसरट, म्हणून छज्ज्याखालची सावली मऊ कडेची आणि काळा न वापरता भिंतीच्याच रंगात निळा व अंबर (मातकट तपकिरी) मिसळून केली. दक्षिण किंवा पश्चिम भिंतीवर कडक सावली रंगवली, की खरं ऊन सरकल्यावर ती उलट दिशेला पडलेली दिसते. उत्तरेला त्रास एवढाच, की उन्हाळ्यात संध्याकाळी ऊन भिंतीला घासून जातं आणि प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा उघडा पडतो. त्यासाठी पट्टी फिरवून आधी उंचवटे काढले.

भिंतीची तयारी चित्रापेक्षा महाग पडली, आणि तशीच पडावी. दीड फुटी प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी आतून घाम आला, म्हणजे ओल आहे. ती येत होती गच्चीच्या कठड्यावरून, कारण कोपिंगचा, म्हणजे कठड्याच्या माथ्याचा, उतार भिंतीकडे होता. उतार आत वळवला, भेगा कापून भरल्या, नवं प्लास्टर २८ दिवस मुरू दिलं. ताज्या प्लास्टरवर रंग दिला तर सिमेंटचा क्षार रंग जाळतो आणि वर क्षाराची पांढरी पूड येते. चित्र खराब निघालं असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा पाण्याचाच दोष असतो. रंगांत लाल-पिवळे लोहाचे ऑक्साइड घेतले. चमकदार सेंद्रिय लाल-पिवळे बाहेर फिके पडतात.

हा विचार माझा एकट्याचा नाही. न्यूयॉर्कच्या प्रिन्स स्ट्रीटवर भित्तिचित्रकार रिचर्ड हास यांनी १९७५ मध्ये एका इमारतीच्या जवळजवळ बिनखिडक्यांच्या बाजूवर तिच्याच लोखंडी दर्शनी भागाची नक्कल रंगवली. त्यातल्या दोन खिडक्या खऱ्या आहेत आणि त्या पटकन ओळखू येत नाहीत. त्यांनीच मायामी बीचच्या फाँटेनब्लू हॉटेलच्या भिंतीवर १९८६ मध्ये प्रचंड कमान काढली, तिच्यातून मागचं हॉटेल दिसतंय अशी. ती खोल होती तरी जमली, कारण कॉलिन्स अव्हेन्यूचा रस्ता सरळ त्या भिंतीकडेच यायचा. पण २००२ मध्ये भिंतच पाडली. फ्रान्समधल्या लियाँ शहरातली कानुत भिंत हे असंच भित्तिचित्र, १९८७चं, सुमारे १,२०० चौरस मीटर. ती १९९७ आणि २०१३ मध्ये पुन्हा रंगवावी लागली. तिथे ते पुन्हा रंगवायची तयारी आहे, आपल्या सोसायटीत निधीचा ठराव करायलाच वर्ष जातं.

म्हणून कमिटीला लेखी दिलं: जमिनीपासून ६० सेंटिमीटरपर्यंत साधा गडद पट्टा, कारण पावसाचं शिंतडणं तिथेच येतं. पावसाळ्यानंतर शेवाळ धुवायचं. शेड कोड आणि प्रत्येक रंगाचा एक लिटर सोसायटीच्या ऑफिसात, डब्यावर मजल्याचा आकडा टाकून. आणि पार्किंगच्या वळणावर कुणी रस्त्याचा किंवा कमानीचा आभास मागितला, तर नाही म्हणायचं. अनोळखी रिक्षावाल्याला अंधारात ती वाट खरी वाटली, तर तो वळवणार तिकडेच.