पाड्यावरच्या डोंगराला समतल चर: आधी पातळी, मग टिकाव

साक्री, अक्कलकुवा, धडगावकडच्या बऱ्याच पाड्यांचं दुखणं सारखंच. जुलैत डोंगरावरून लाल पाणी धो धो वाहतं, दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि मार्चपासून मागे राहिलेल्या बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. अशा गावात पहिला पैसा नाला खोल करण्यावर घालू नये. वरचा उतार उघडाच राहिला, तर खोल केलेला नाला काही पावसाळ्यांत गाळानं भरतो. काम माथ्याकडून पायथ्याकडे यायला हवं.

त्यासाठी समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला लांब चर. तो ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल घेतला, तर एका मीटरात १८० लिटर पाणी मावतं. दोन चरांत १० मीटर अंतर धरलं की हेक्टरी १,००० मीटर चर, म्हणजे एका भरण्यात १ लाख ८० हजार लिटर. उतारावरून वाहणारं १८ मिलिमीटर पाणी एवढ्यात थांबतं. त्याहून मोठी सर आली की चर भरून वाहणारच. म्हणून दर २० मीटरला चरात मातीची आडवी भिंत ठेवा, खोदलेल्या मातीचा खालच्या अंगाला जो बांध होतो त्यापेक्षा बुटकी. बांध कुठे फुटलाच, तर तेवढाच तुकडा रिकामा होतो.

चर फुटतात ते पातळी चुकल्यामुळे. एक टोक चार बोटं खाली गेलं की सगळं पाणी तिकडे धावतं, बांध फोडतं, खालच्या चरावर पडून तोही फोडतं. चांगल्या उताराला आपल्याच हातानं घळ पडते.

पातळीसाठी महागडं यंत्र लागत नाही. दोन-दोन मीटरचे दोन बांबू वरच्या टोकाला एकत्र बांधा, पाय दोन मीटर फाकवा, मधोमध आडवी काठी बांधा आणि शेंड्यावरून दगडाचा ओळंबा सोडा. दोरी काठीला जिथे लागते तिथे खूण करा. पायांची अदलाबदल करून, त्याच दोन जागांवर टेकवून, दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे पातळी: दोरी तिथे आली की दोन्ही पाय एका पातळीत. वाऱ्यात दोरी हलते, त्यामुळे आखणी सकाळीच उरका.

माती खालच्या अंगाला, चराच्या काठापासून ३० सेंटिमीटर सोडून टाका. काठालाच टाकली तर पहिल्या पावसात ती परत चरात येते. कडा किंवा उघडा कातळ असेल तिथे चर नको, दगडी बांध घाला. आणि विहिरीची जागा ठरवण्याआधी डाइक, म्हणजे कातळात भिंतीसारखा उभा घुसलेला दगड, बघा. धुळे-नंदुरबारच्या बेसाल्टात, म्हणजे काळ्या कातळात, या उभ्या भिंती जागोजागी आहेत. घट्ट दगडाची डाइक भूजल अडवते, भेगाळलेली वाहून नेते.

बांधावर पवन्या, मारवेल, स्टायलो अशा चाऱ्याचं बी टाका. झाड लावायचं तर सीताफळ, त्याला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. पण गुरं मोकळी राहिली तर बांध तुडवले जातात आणि गवत उगवत नाही. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत, बायकांच्या समोर ठरली पाहिजे. शेळ्यांवर जगणाऱ्या घरांना कापून नेण्याच्या गवताचा वाटा आधी द्यायला हवा, नाहीतर बंदीचा सगळा भार गरिबावरच पडतो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं जंगल राखलं ते गावानंच नियम करून. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

खोदाई मेअखेर संपवा. पहिल्या मोठ्या पावसात, पाणी चरात उभं असतानाच, फावडं घेऊन प्रत्येक ओळ चाला. जिथून पाणी काठावरून ओसंडतंय तिथे लगेच दगड-माती चढवा, कारण पाणी जिरल्यावर ती जागा ओळखू येत नाही.