अडीच डॉलरचं सोनं

आपल्याकडे सोनं म्हटलं की पहिला प्रश्न किती तोळे, आणि दुसरा घडणावळ किती लावली. म्हणून जुनी अमेरिकन सोन्याची नाणी जमवायचा नाद घरच्यांना समजावणं कठीण जातं, कारण इथे सगळा मामला घडणावळीचाच आहे. दागिना मोडला की घडणावळ पाण्यात, पण नाण्याचं उलटं, जितकं जुनं नि दुर्मिळ तितकी ती चढत जाते. आता हे आईला फोनवर कसं पटवणार!

माझं लाडकं नाणं अडीच डॉलरचं, 1908 साली निघालेलं. जेमतेम 18 मिलिमीटर, वजन चार ग्रॅमच्या थोडं वर, त्यात सोनं 90 टक्के, बाकी तांबं. एका बाजूला पिसांचा टोप घातलेला मूळनिवासी अमेरिकन, दुसऱ्या बाजूला गरुड. एरवी नाण्यावरचं चित्र उठावदार असतं, पण बॉस्टनच्या बेला लायन प्रॅट या शिल्पकाराने ते आत खोदल्यासारखं केलं, बोट फिरवलं तर वर सगळं सपाट. लोकांना हे अजिबात रुचलं नाही. फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल चॅपमन नावाच्या नाणेव्यापाऱ्याने थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना पत्र लिहिलं, की या खाचांमध्ये मळ साचेल नि रोगराई पसरेल. सोन्याला जंतू चिकटतील म्हणून घाबरणारा माणूस मला तरी भारी वाटतो.

पुढे 1933 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या रूझवेल्टनी, म्हणजे फ्रँकलिननी, हुकूम काढला की घरातली सोन्याची नाणी नि लगडी सरकारजमा करा, औंसाला 20.67 डॉलर मिळतील, आणि पुढच्याच वर्षी सरकारी भाव केला 35, म्हणजे ज्यांनी निमूटपणे दिलं त्यांच्या हाती तुरी! ढिगाने नाणी वितळवली गेली. संग्राहकांच्या दुर्मिळ नाण्यांना मात्र सूट होती, आणि बरीच नाणी युरोपातल्या बँकांत पडून होती म्हणूनही वाचली. 1933 सालची वीस डॉलरची 4,45,500 नाणी पाडली होती, ती चलनात आलीच नाहीत, जवळजवळ सगळी भट्टीत गेली. त्यातून सुटलेलं एक 2021 मध्ये लिलावात सुमारे 1 कोटी 89 लाख डॉलरला गेलं. सोनं त्यात एक औंसही नाही.

आपली उडी तेवढी नाही हो. अडीच डॉलरवाल्यातलंसुद्धा डेन्व्हर टांकसाळीचं 1911 सालचं खिशाला परवडत नाही, ते फक्त 55,680 पाडलेलं. त्यावरचा डी, म्हणजे डेन्व्हरची खूण, गरुडाच्या पायाशी बाणांच्या टोकाजवळ, कधी इतका पुसट असतो की भिंगाखाली तिरपं धरून शोधावा लागतो, आणि बनवाबनवीही त्या एका अक्षरापायीच होते.

आईचं मत ठाम आहे, वर एक कडी डाखून घे, गळ्यात शोभेल. गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकन बायकांनी नेमकं हेच केलं, आणि तशी डाख लागलेली नाणी आज व्यापारी नाक मुरडून जवळपास सोन्याच्याच भावाने घेतात.