आईचा डोंगर, दोराची गुहा आणि प्लेगचं गाव

आई-बाबा कराडहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे शेफिल्डला आले तेव्हा ज्याला त्याला एकच सांगायचं होतं, त्यांना लंडन दाखव. दाखवलं. दोन दिवसांत चालून चालून दोघांचे पाय गळ्यात आले, राजवाडा बाहेरून बघितला, फोटो काढले आणि परत येताना ट्रेनमध्ये बाबा म्हणाले, "अगं, हे सगळं टीव्हीवर बघितलंय, इथली खेडी कशी असतात ते दाखव की." मग पुढचे दोन शनिवार आम्ही शेफिल्डजवळच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात घालवले आणि ते इतके मनात बसलेत की लिहायलाच पाहिजे. शेफिल्ड किंवा मँचेस्टरला राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपापल्या आई-बाबांना इकडे नक्की न्यावं, हे अगदी मनापासून सांगते.

पहिला शनिवार कॅसलटनचा. गाडी नसली तरी काही अडत नाही, शेफिल्डहून २७२ नंबरची बस थेट गावात सोडते, शहर संपलं की आधी नुसतं ओसाड माळरान लागतं आणि मग सरप्राइज व्ह्यू नावाच्या वळणावर एकदम खाली अख्खी हिरवी दरी उघडते, तिथे आईने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, अगं हे तर पाचगणीच्या टेबललँडवरून खाली बघितल्यासारखं वाटतंय. मे महिन्याचा शेवट होता, शेतांना दगडी गडगे, आत मेंढ्या आणि त्यांची उड्या मारणारी पिल्लं.

कॅसलटन तसं एवढंसं गाव, राखी दगडाची घरं, मधून वाहणारा ओढा आणि वर टेकडीच्या टोकावर पेव्हरिल कॅसल. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर विल्यम पेव्हरिलने तो बांधला, आणि चौकोनी बुरूज दुसऱ्या हेन्री राजाने ११७६ च्या सुमारास उभा केला. वर चढायला वाट खडी आहे, आईचे गुडघे बघता आम्ही तो खालूनच बघितला आणि किल्ल्याच्या बरोबर खाली असलेल्या पीक कॅव्हर्न या गुहेत गेलो.

ही गुहा मला सगळ्यात जास्त आवडली. तिचं जुनं नाव 'डेव्हिल्स आर्स', म्हणजे सैतानाचं ढुंगण, कारण पुराचं पाणी आत ओसरताना तसले आवाज येतात. व्हिक्टोरिया राणी इथे येऊन गेली आहे, आणि असं सांगतात की तिच्या कानाला बरं वाटावं म्हणून सभ्य नाव पुढे केलं. आई हे ऐकून इतकी हसली की मागचे लोक बघायला लागले. पण खरी गोष्ट पुढे आहे. गुहेचं तोंड प्रचंड मोठं आहे, नैसर्गिक गुहांमध्ये ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं, आणि त्या तोंडाशीच सुमारे चारशे वर्षं दोर वळणारी माणसं काम करायची. नुसतं काम नाही, त्यांची घरंही आतच होती. त्यांच्या चुलींच्या धुराने छत काळं झालंय ते आजही दिसतं, आणि दोर ताणायला केलेल्या लांबलचक सपाट पायऱ्याही तशाच आहेत. आसपासच्या शिशाच्या खाणींना दोर लागायचा, आणि गुहेत ओल असल्यामुळे तागासारखा तो वाख मऊ राहायचा, पावसापाण्यात काम थांबायचं नाही. हे अगदी १९७० नंतरपर्यंत चालू होतं म्हणे.

गाइडने दोर वळून दाखवला, एका टोकाला हाताने फिरवायचं चाक, दुसऱ्या टोकाला एकजण धरून, मधे तीन पेडांना पीळ बसत जातो. आई एकदम पुढे गेली. तिच्या माहेरी बैलांची दावी आणि कासरे घरीच वळायचे, अंबाडी पाण्यात कुजवून वाख काढायचा, आजोबा पेड धरायचे आणि ती लहानपणी दुसऱ्या टोकाला फिरकी फिरवायची. तिने मला मराठीत सांगितलं, मी गाइडला इंग्लिशमध्ये, आणि त्याने सरळ चाक तिच्याच हातात दिलं. पीळ सैल पडतोय हे तिला लगेच कळलं, "धर ताणून, ढिला सोडू नको," असं ती त्याला मराठीतच म्हणाली आणि त्याला ते समजलंही. तीन महिन्यांत आई इतकी खुश मी दुसरीकडे कुठे बघितली नाही.

आत पुढे एक बुटकी वाट आहे, लंबॅगो वॉक, म्हणजे कंबरदुखीची वाट, तिथे सगळ्यांना वाकूनच जावं लागतं. बाहेर दुकानांमध्ये ब्लू जॉनचे दागिने होते, जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा दगड, तो इथल्याच टेकडीत मिळतो. आईला एक छोटं पेंडंट घेतलं.

बाबांसाठी मात्र दिवस खरा सुरू झाला तो गावाबाहेर. त्यांची सगळी नोकरी पीडब्ल्यूडीत, त्यातली बरीच वर्षं कुंभार्ली घाटात दरडी काढण्यात गेलेली. आणि इथे मॅम टॉर डोंगराच्या पायथ्याशी एक अख्खा हमरस्ता मोडून पडलाय. विनॅट्स पास नावाची चुनखडीची अरुंद, खडी खिंड टाळायची म्हणून १९ व्या शतकाच्या सुरुवातीला हा रस्ता डोंगराच्या कुशीतून काढला, पण ती कूसच मुळात सुमारे चार हजार वर्षांपूर्वी घसरलेल्या दरडीची आहे, आणि ती अजूनही सरकतेय, पावसाळी हिवाळ्यात पाणी मुरलं की जास्तच. दुरुस्ती, परत दुरुस्ती, असं करत शेवटी १९७९ मध्ये रस्ता कायमचा बंद केला. आता चालत जाता येतं. डांबराचे एकावर एक थर चिरफाळून उघडे पडलेत, मधली पांढरी रेघ दोन-तीन हात खाली खचलेली. बाबा उकिडवे बसून थर मोजत राहिले, हाताने चाचपून बघितले. "शेल आहे गं हा खाली, ठिसूळ मातकट खडक, पाणी लागलं की साबण," म्हणाले, "त्या लोकांनी सोडला ते बरोबर केलं, सोडायला पण धाडस लागतं." किती वेळ ते तिथून हललेच नाहीत.

विनॅट्स पासचा चुनखडक सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीच्या उष्ण समुद्रात तयार झालेला, आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे हा पाचपट म्हातारा. हे सांगितल्यावर बाबांनी खडकाला खरंच हात जोडले.

मॅम टॉर ५१७ मीटर उंच, वरपर्यंत फरसबंद वाट आहे, आई पण हळूहळू आली. नावाचा अर्थ आईचा डोंगर, आणि दरडी कोसळून खाली छोट्या छोट्या टेकड्या जन्मल्या म्हणून हे नाव पडलं असं इथले लोक सांगतात. माथ्याभोवती खूप जुन्या काळच्या गडाचा मातीचा तट आणि खंदक अजून ओळखू येतो. एका बाजूला ईडेलची दरी आणि मागे किंडरचं पठार, १९३२ मध्ये एप्रिलच्या २४ तारखेला शेकडो कामगार तरुण जमीनदारांची मनाई मोडून त्या पठारावर चालत गेले होते, काहींना तुरुंग झाला. पुढे १९५१ मध्ये हा पीक डिस्ट्रिक्टच ब्रिटनमधला पहिला नॅशनल पार्क झाला. वाऱ्यात धपाटे उडायला लागले म्हणून आम्ही तटाच्या आडोशाला बसून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ले.

दुसऱ्या शनिवारी ईम. स्पेलिंग बघून कुणी एयाम म्हणतं, पण उच्चार ईम. १६६५ मध्ये लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यातून पिसवा आल्या आणि प्लेग पसरला. पुढच्या उन्हाळ्यात विल्यम मॉम्पेसन हा तरुण पाद्री आणि त्याच्या आधीचा पाद्री थॉमस स्टॅनली यांनी मिळून गावाला समजावलं की कुणी गाव सोडायचं नाही, म्हणजे आजूबाजूची गावं वाचतील. लोकांनी ऐकलं. चर्चमधली प्रार्थना बाहेर मोकळ्यावर, आपापली माणसं आपणच पुरायची. जवळच्या चॅट्सवर्थच्या हवेलीतून अर्ल ऑफ डेव्हनशर हे सरदार धान्य पाठवायचे, आणि गावाच्या वेशीवर एक दगड आहे, पैशांतून रोग बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या खळग्यांत व्हिनेगर घालून गावकरी त्यात पैसे ठेवायचे. चौदा महिन्यांत २६० माणसं गेली. मॉम्पेसनची बायको कॅथरीन पण गेली.

चर्चजवळच्या घरांसमोर पाट्या आहेत, या घरात कोण कोण वारलं त्यांची नावं. बाबा प्रत्येक पाटी वाचत होते, मग थांबून म्हणाले की त्यांची आजी सांगायची, आपल्याकडे प्लेगमध्ये उंदीर पडायला लागले की अख्खं गाव उठायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं, दारं तशीच बंद. आमच्या आजीचा जन्मच असल्या झोपडीतला. तिकडे जगायचं म्हणून गाव सोडलं आणि इकडे दुसऱ्याने जगावं म्हणून कुणी सोडलं नाही. आई त्या दगडाच्या खळग्यात बोट घालून उभी होती, पावसाचं पाणी साठलेलं होतं त्यात.

शेवटी गावापासून थोडं लांब, शेतात, रायली ग्रेव्ह्ज बघायला गेलो. गोल दगडी गडगा आणि आत सात थडगी. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे एकटीने पुरली, मदतीला कुणी येऊ शकत नव्हतं. आम्ही तिघंही बराच वेळ काही बोललो नाही.

परतीच्या वाटेवर आईने विचारलं, "मग तिचं पुढे काय झालं गं?"

तिचा एक मुलगा वाचला होता, तो शेफिल्डला काम शिकायला राहिलेला, ती त्याच्याकडे गेली असं सांगतात. मी एवढं सांगितलं तोवर आमची शेफिल्डची बस आलीच.