मामांचा १.४

"सर, किडनी गेली का ओ माझी?"

परभणीच्या मोंढ्यात हमाली करणारे आमच्या गल्लीतले मामा. हातात रक्ताचा रिपोर्ट, घडी घालून घालून मऊ झालेला. क्रिएटिनिन १.४. शेजारी मर्यादा ०.७ ते १.३. आकडा ठळक, पुढं वर जाणारा बाण. लॅबमधल्या पोरानं "डॉक्टरला दाखवा" एवढंच सांगितलं. डॉक्टर सोमवारी. तोवर पारावरच्या कुणाच्या तरी सल्ल्यानं मामांनी पाणी तोडलं. तेही या उन्हात!

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. स्नायूंना झटपट ताकद पुरवणारं क्रिएटिन रोज थोडं थोडं मोडतं, त्याचं क्रिएटिनिन होतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकली की ते रक्तात साचतं, आकडा वाढतो. पण स्नायू जास्त तर क्रिएटिनिनही जास्त, म्हणून दणकट माणसाचा आकडा जरा वर असू शकतो. आदल्या रात्री मटण झालं असेल, शरीरात पाणी कमी असेल, तरीही. मामांचे दंड सोयाबीनची पोती उचलून लाकडासारखे झालेत. उलट वाळलेल्या म्हातारीचा आकडा नॉर्मल असून किडनी थकलेली असू शकते. म्हणून डॉक्टर वय बघतात, लघवी तपासतात, गरज पडली तर पुन्हा रक्त घेतात.

बाण छापायला जागा असते, मग खाली दोन ओळी समजावून छापायला काय जातं यांचं?

मामांना म्हटलं, पाणी मनानं तोडू नका, सोमवारी नक्की जा. आणि रविवारी मटण नको.

"रविवारी बी नको?"

किडनीपेक्षा याचंच त्यांना जास्त वाईट वाटलेलं दिसलं.