ऐरोलीतलं फ्रिक्वेन्सी मापक, नोंद 4 : घड्याळाचा घोळ सुटला

घरच्या विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं होतात ते मोजणारं माझं मापक आठवडाभर 50.06 हर्ट्झच्या आसपास अडून बसलंय, हे मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ग्रिड, म्हणजे देशभरचं वीजजाळं, 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायचं असतं, मग ते सतत वर कसं राहील? दोष निघाला माझ्या आर्डुइनो उनोचा, म्हणजे मापक चालवणाऱ्या छोट्या संगणक-बोर्डाचा. त्यातल्या मुख्य चिपच्या घड्याळाला अचूक क्वार्ट्झ स्फटिक नसतो, कमी अचूक सिरॅमिक रेझोनेटर असतो. जीपीएस मॉड्यूलचा दर सेकंदाचा ठोका जोडून पाहिला, तर दोन ठोक्यांमध्ये उनो 10,00,000 ऐवजी 9,98,700 च्या आसपास मायक्रोसेकंद मोजत होता. घड्याळ मंद, म्हणून वीज वेगवान दिसत होती. हजारात 1.3 चा फरक, पण 50 हर्ट्झवर तो 0.065 होतो. म्हणजे पट्ट्याचा जवळजवळ निम्मा! आता प्रत्येक वाचन जीपीएसच्या ठोक्यावर दुरुस्त होतं. 9 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि मिक्सरच्या खरखरीसाठी लावलेला फिल्टर आहे तसाच.

काल संध्याकाळी 6 ते 8 स्क्रीनसमोरून हललो नाही. सौर वीज उतरते, घराघरांत दिवे लागतात आणि फ्रिक्वेन्सीची रेघ हळूहळू खाली येते. बरोबर पाव तासाच्या काट्यावर ती झटकन वळते. आपल्याकडे विजेचं वेळापत्रक 15 मिनिटांच्या ब्लॉकमध्ये असतं, दिवसाला 96. केंद्रं ब्लॉकच्या सीमेवर उत्पादन बदलतात, मागणी मात्र सलग सरकत असते. हे वाचून माहीत होतं, पण स्वतःच्या सॉकेटमधून दिसलं तेव्हा अंगावर काटा आला.

रसवंतीत जाड ऊस चरकात गेला की घुंगरांचा ठेका जड होतो ना, तसंच हे. मागणी वाढली की आधी फिरत्या जनित्रांमध्ये साठलेली ऊर्जा खर्ची पडते, वेग किंचित उतरतो. मग गव्हर्नर, म्हणजे जनित्रांचे वेग-नियंत्रक, वाफ किंवा पाणी वाढवतात. पण त्यांनी घसरण फक्त थांबते. परत 50 वर यायला राखीव उत्पादन चढवावं लागतं.

5 एप्रिल 2020 ला रात्री 9 वाजता देशाने दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे 31,000 मेगावॉटने पडली आणि फ्रिक्वेन्सी 49.70 ते 50.26 मध्ये फिरली. जलविद्युत केंद्रांनी ती सांभाळली. त्या रात्री मापक नव्हतं, ही रुखरुख अजून आहे.

पुढचं काम : दुसरं मापक नागपूरला भाच्याकडे बसवायचं. फ्रिक्वेन्सी सगळीकडे एकच असते, पण एखादं मोठं जनित्र अचानक बंद पडलं तर पहिल्या एक-दोन सेकंदांत दोन रेघा वेगळ्या हलतात का, ते बघायचंय. त्यासाठी सेकंदाला एक वाचन पुरणार नाही, 10 तरी हवीत.