भेट म्हणून एक शनिवार

राजगडाच्या चोर दरवाज्यातून गुंजवण्याकडे उतरताना एका काकांच्या उजव्या बुटाचा तळ सुटला. आधी टाचेकडून उघडला, दहा-बारा पावलांत चवड्यापर्यंत आला आणि मग सबंधच हातात आला. बूट चांगल्या कंपनीचे होते, कोरे करकरीत. काकांच्या साठीला अमेरिकेतल्या मुलीनं पाठवलेले. चार वर्षं खोक्यात होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा पायात चढले होते. मी सॅकमधली दोरी काढून तळ बुटाला बांधला, वरून चिकटपट्टी गुंडाळली. रेलिंगचा टप्पा संपेपर्यंत डावाही गेला. काका न कुरकुरता, प्रत्येक पाऊल बघून टाकत खाली आले.

गावात मावशींच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खाताना ते बुटांकडे बघत म्हणाले, "ताई, बूट होते हो माझ्याकडे चार वर्षं. 'चला' म्हणणारं कुणी नव्हतं."

आमचा आजचा व्यवसाय त्या वाक्यावर उभा आहे, म्हणून सुरुवात तिथून केली. खरं तर दुकान त्याच्या आधीचं. २०११ मध्ये मी आणि माझ्या नवऱ्यानं सदाशिव पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान काढलं. सॅक, बूट, हेडलॅम्प, स्लीपिंग बॅग, तंबू. तंबू भाड्यानंही द्यायचो. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून मी बेसिक कोर्स केलेला होता, नवरा कॉलेजपासून सह्याद्री फिरलेला. सामान आम्हाला कळत होतं, आणि ज्याला ते कळतं त्यानं दुकान काढावं, एवढाच आमचा विचार.

दिवाळीत आणि मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या हंगामात, आमची निम्मी विक्री भेटवस्तूंची व्हायची. "साहेबांना ट्रेकिंगची आवड आहे, काहीतरी चांगलं द्या." आम्ही द्यायचो. मग वर्षा-दीड वर्षानं तीच वस्तू परत यायची, कधी बदलून मागायला, कधी दुरुस्तीला. साठ लिटरची सॅक, लेबल न काढलेली. ती पाठीला बसतच नव्हती, कारण सॅक नुसत्या लिटरवर घेत नाहीत. मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत पाठीची लांबी मोजून घेतात, आणि देणाऱ्याला ती कुठून माहीत असणार? उणे पाच अंशांची स्लीपिंग बॅग तर किती जणांनी भेट म्हणून नेली! आपल्या गडांवर थंडीतल्या रात्रीसुद्धा त्या बॅगेत घाम फुटतो. बुटांची गोष्ट तर आणखी नाजूक. ते संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजा घालून घ्यायचे असतात. उतारावर अंगठा पुढे आपटू नये म्हणून समोर बोटभर जागा लागते. दुसऱ्याचे बूट आपण अंदाजानं घेतले की उतरताना नखं काळी पडतात.

काकांच्या बुटाचं काय झालं तेही सांगते, कारण पुण्यातल्या कितीतरी कपाटांत हे आत्ता घडत असेल. अनेक ट्रेकिंग बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या दमटपणानं तो हळूहळू आतून विघटित होत जातो. बूट नुसते ठेवून दिले तरी ते चालूच राहतं. वरून बूट नवा दिसतो, आत तळ भुसभुशीत झालेला असतो आणि पहिल्याच दगडी उतारावर तो सुटतो. माळ्यावर घडी घालून ठेवलेल्या तंबूचंही तसंच. आतला लेप चिकट होतो, कापड कापडाला चिकटतं, वास मारायला लागतं. दोन पावसाळे पुरतात.

राजगडाच्या त्या ट्रेकनंतर आठवड्याभरानं काकांच्या मुलीचा फोन आला. बाबांसाठी नवीन बूट पाठवायचे आहेत, कुठले पाठवू? मी दुकानदार. मी बूट सुचवायला हवे होते. पण तोंडातून निघालं, "काही पाठवू नका. त्यांच्यासाठी एक शनिवार घ्या. गाडी, वाटाड्या, जेवण आम्ही बघतो. बूट मी त्यांना दुकानात बसवून, पायात घालून देईन, पण नंतर. तारीख ठरल्यावर." पलीकडे ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तारीख तुम्हीच ठरवा, ते माझं ऐकणार नाहीत."

ते आमचं पहिलं कार्ड. पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड कागद, त्यावर माझ्या नवऱ्यानं काळ्या शाईनं काढलेला तिकोना. मागे काकांचं नाव आणि तारीख.

त्या दिवाळीत आम्ही अशी बरीच कार्डं विकली आणि तिथेच मोठी चूक केली. "वर्षभरात केव्हाही या" असं छापलं. आम्हाला वाटलं, लोकांना मोकळीक आवडेल. वर्ष संपताना वही काढली तेव्हा निम्म्याहून जास्त कार्डं घरोघरी पडून होती. पैसे आमच्याकडे, आणि ती माणसं डोंगरावर गेलेलीच नाहीत. हिशेबाच्या वहीत तो फायदा दिसत होता. मला तो दिसताना त्रास व्हायचा, कारण आम्ही बुटाच्या खोक्याऐवजी कागदाचं खोकं विकलं होतं, एवढंच.

तेव्हापासून तारखेशिवाय कार्ड द्यायचं बंद. देणाऱ्याला दुकानात बसवून तीन तारखा, बहुधा शनिवार किंवा रविवार, विचारतो, त्या पेन्सिलनं लिहितो, आणि कार्ड हातात पडल्यावर दोन दिवसांत आम्ही ज्याला भेट मिळाली त्याला फोन करतो. "काका, तीनपैकी कुठला?" बहुतेक जण "बघतो, कळवतो" म्हणतात. आम्ही गुरुवारी पुन्हा करतो. दुकानातली मुलं सुरुवातीला लाजायची, मागे लागल्यासारखं वाटायचं त्यांना. पण त्या फोनचीच तर किंमत लोकांनी दिलेली असते. डोंगर फुकट आहे. सिंहगडाला कुणीही जाऊ शकतं. पहाटे पाचला कुणीतरी गाडी घेऊन खाली उभं राहणं, हे पुण्यातल्या बऱ्याच जणांच्या आयुष्यात नसतं.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. एका बाईंनी नवऱ्याच्या पन्नाशीला नागफणीच्या कड्यावरचं रॅपलिंग, म्हणजे दोराला धरून कडा उतरणं, भेट दिलं, संपूर्ण गुपचूप. त्या गृहस्थांना आम्ही लोणावळ्याला नेलं, वर पोचेपर्यंत काही सांगितलं नाही. हार्नेस बांधला, ते कड्याच्या तोंडाशी आले आणि तिथेच खाली बसले. उंचीची भीती त्यांना लहानपणापासून, आणि ती त्यांनी घरात कधी बोलून दाखवलेली नव्हती. चार लोक बघत असताना, स्वतःच्या वाढदिवशी, त्यांना ती कबूल करावी लागली. त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. दोष माझा होता. माणसाला न विचारता मी त्याला कड्यावर नेलं होतं. आम्ही दोर आवरले, तिथेच सावलीत बसून डबे खाल्ले, पूर्ण पैसे परत दिले. पुढच्या हिवाळ्यात ते दोघं आमच्याबरोबर लोहगडाला आले, विंचूकाट्याच्या माचीवर निवांत बसून राहिले. पण त्या दिवसापासून नियम पक्का आहे. कार्ड अचानक मिळू दे, कार्यक्रम अचानक नको. जाणाऱ्याशी आम्ही स्वतः बोलतो. गुडघे, दम, मधुमेह, औषधं, उंची. त्याच्या तोंडून "हो" ऐकल्याशिवाय गाडी निघत नाही.

कुणाला कुठे न्यायचं, यावर मी तासभर बोलू शकते. ज्यांनी कधी काही केलेलं नाही त्यांना तिकोना. चढ अंगावर येतो पण तास-सव्वा तासात माथा, आणि वरून पवनेचं पाणी, समोर तुंग. आजी-आजोबा असतील तर लोहगडाच्या पायऱ्या. थोडं चालणारे असतील तर राजगड. गुंजवण्यातून चढून पद्मावती माची, तिथून सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक. बालेकिल्ल्याचा खडा चढ आम्ही सगळ्यांना करायला लावत नाही. तो खाली बसून बघण्यातही सुख आहे. कळसूबाई लोकांना नावामुळे हवं असतं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. शिड्यांवर गर्दी असते म्हणून आम्ही तिथे फक्त आठवड्याच्या मधल्या दिवशी नेतो. हरिश्चंद्रगडाला पाचनईच्या वाटेनं, कारण भेट मिळालेल्या माणसाला संध्याकाळी कोकणकड्यापाशी पोचल्यावर थोडा जीव शिल्लक असला पाहिजे.

माझ्या मनातला महिना विचाराल तर सप्टेंबरचा शेवट. पाऊस ओसरत असतो, पठारं सोनकीनं पिवळी आणि तेरड्यानं गुलाबी होतात, वाटा निसरड्या असतात पण वाहत नाहीत. मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी फोन येतात. राजमाचीच्या बाजूला झाडंच्या झाडं एकाच वेळी उजळतात-विझतात, ते आयुष्यात एकदा बघावंच. तरी काजव्यांची भेट आम्ही विकत नाही. चार वळीव लवकर आले की दिवस बदलतात, आणि शेकडो गाड्यांच्या दिव्यांत काजवा बिचारा दिसेनासा होतो. ऐन पावसाळ्यात धबधब्यातलं रॅपलिंगही नाही. यावरून गिऱ्हाईकं गेली आहेत. जाऊ देत.

दर दहा जणांमागे आमचे दोघे असतात, एक पुढे, एक शेवटी, आणि गावातला वाटाड्या वेगळा. आदल्या दिवशीच्या फोनवर हमखास सांगतो की अत्तर, सुगंधी फवारे लावू नका, गडांवर आग्यामोहोळं आहेत. आदल्या रात्री जागू नका. पाणी तीन लिटर. २०२१ मध्ये राज्य सरकारनं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा कागदपत्रं वाढली म्हणून आमच्या धंद्यातल्या काहींनी नाकं मुरडली. मला उलट बरं वाटलं. प्रथमोपचार शिकलेला माणूस आणि विमा या गोष्टी ऐच्छिक असूच नयेत.

त्याच्या आदल्या वर्षीचं सांगायचं राहिलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा चाळीसेक कार्डं लोकांच्या घरी होती, सगळ्यांवर तारखा. नशिबानं नवऱ्याची एक जुनी शिस्त कामी आली. कार्डाचे पैसे ट्रेक होईपर्यंत आपले नाहीत, म्हणून ते आम्ही वेगळ्या खात्यात ठेवायचो. दुकानाचं भाडं थकलं, एका मुलाला गावी जावं लागलं, पण त्या खात्याला हात लावला नाही. प्रत्येकाला फोन करून विचारलं, पैसे परत देऊ का? बऱ्याच जणांनी ठेवा म्हणून सांगितलं. एका काकूंचं कार्ड त्यांच्या यजमानांनी लग्नाच्या वाढदिवसाला घेतलेलं होतं, दोघांसाठी. २०२२ च्या जानेवारीत त्या दुकानात आल्या, एकट्या. कार्ड पर्समध्ये राहून कोपरे मऊ झालेले. दोघांचं आहे, दुसरी जागा वाया जाऊ नये म्हणून धाकट्या जावेला आणते, म्हणाल्या. तिकोन्याच्या माथ्यावर दोघी महादेवाच्या देवळापाशी बराच वेळ बसल्या. आम्ही खाली जायची घाई केली नाही.

देणाऱ्यानं बरोबर यावं का, हा प्रश्न आम्हाला रोज विचारतात. मी पूर्वी ठामपणे हो म्हणायचे. मग व्यवस्थापन शिकवणाऱ्या आमच्या एका नेहमीच्या ट्रेकरनं २०१७ चा एक शोधनिबंध दाखवला, सिंडी चॅन आणि कॅसी मोगिलनर यांचा. वस्तूपेक्षा अनुभव भेट दिला तर देणारा आणि घेणारा यांच्यातलं नातं जास्त घट्ट होतं, आणि अनुभव दोघांनी मिळून घेतला नाही तरीही हे घडतं, असं त्यांना आढळलं होतं. कारण तो अनुभव घेताना मनात जे उसळतं, त्याचा वाटा देणाऱ्याकडे जातो. वाचल्यावर मला कळलं की हे मी बघितलेलं आहे. सुवेळा माचीवर पोचल्यावर लोक पहिला फोन कुणाला करतात? ज्यानं कार्ड दिलं त्याला. रेंज नसली की तळमळतात.

आता आमच्या विक्रीत कार्डांचा वाटा सामानापेक्षा मोठा आहे. सामान ठेवतो, पण ते बहुतेक ट्रेकच्या नंतर विकलं जातं, एक-दोनदा चालून आपल्याला काय लागतं हे कळल्यावर. दोघांसाठी तिकोन्याचं कार्ड एका बऱ्या बुटांच्या जोडीपेक्षा थोडं स्वस्त पडतं. त्यातला ठरलेला हिस्सा गावात जातो. जेवण मावशींकडेच, पुण्याहून डबे नेत नाही. गुंजवण्यातला आमचा वाटाड्या आता स्वतःचे गट नेतो, आणि २०२५ च्या जुलैमध्ये राजगड, लोहगड यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले तेव्हापासून त्याच्याकडे आमच्याहून जास्त चौकश्या येतात. त्याचा फोन आला की मला आनंद होतो.

ते बुटांचे तळ अजून दुकानात काचेच्या कपाटात आहेत. काका आता बहात्तरचे. मागच्या सोमवारी आले आणि पहिल्यांदाच स्वतः कार्ड घेतलं, डिसेंबरमध्ये येणाऱ्या नातवासाठी. नातू पंधरा वर्षांचा, मराठी तोडकंमोडकं बोलतो, दिवसभर खोलीत असतो म्हणाले. राजगड, गुंजवण्यातूनच. काका चोर दरवाज्यापर्यंत येणार, वर जायचं की नाही ते गुडघा सांगेल.

"त्याला कुठले बूट घेऊ?" त्यांनी विचारलं.

"रोज घालतो तेच आणू दे. तारीख सांगा."

त्यांनी खिशातून डायरी काढली. सत्तावीसचा शनिवार की अठ्ठावीसचा रविवार, यावर आमचं थोडं बोलणं झालं. शनिवार ठरला. पहाटे पाच, नळ स्टॉप.