पंचवटीने जा, पंचवटीने या: बोरीबंदरच्या आसपासची एका दिवसाची मुंबई

नाशिकरोड ते सीएसएमटी रेल्वेने १८७ किलोमीटर. सकाळी सातच्या सुमारास पंचवटी एक्सप्रेस पकडली की पावणेअकराच्या आसपास मुंबई, आणि संध्याकाळी सव्वासहाला तीच गाडी परत निघते. म्हणजे हातात जेमतेम सात तास. त्यात दादर, वांद्रे, जुहू असं सगळं कोंबलं की दिवस लोकलच्या जिन्यांवरच संपतो. माझं मत पक्कं आहे: स्टेशनपासून पायी जाता येईल तेवढीच मुंबई बघायची. आधी दक्षिणेला, म्हणजे बघणं आणि खाणं. दुपारनंतर उत्तरेला, म्हणजे खरेदी. क्रम उलटला की कापडाच्या पिशव्या घेऊन संग्रहालयात फिरावं लागतं.

वार कोणताही चालेल, रविवार सोडून. रविवारी मंगळदास मार्केट, लोहार चाळ, झवेरी बाजार, सगळंच बंद. जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं एकदमच काढा. सकाळचं मिळतं आणि परतीचं वेटिंगवर लटकतं, असं सुट्ट्यांच्या दिवसांत हमखास होतं. पंचवटीत रोजच्या पासवाल्यांचे डबे वेगळे असतात, तेव्हा तिकिटावरचा डबा बघूनच चढा. आणि थंडीत एक बारीकशी गोष्ट: नाशिकरोडला पहाटे स्वेटर लागतो आणि कल्याणनंतर तो नकोसा होतो. मागे लावायची सॅक घ्या, म्हणजे स्वेटर तिच्यात जातो आणि हात मोकळे राहतात.

उतरल्यावर लगेच पुढे पळू नका. भुयारी मार्गाने समोर, महापालिकेच्या बाजूला या आणि तिथून स्टेशनकडे बघा. ही इमारत वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची, १८८८ सालची, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ: एक ब्रिटनचा, एक आपला. तुमच्या पाठीशी असलेली महापालिकेची इमारतही त्याच स्टीव्हन्सच्या हातची. दहा मिनिटं पुरेत.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेला कमानींखालून चालत राहिलं की पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक. डोक्यावर सावली असते, त्यामुळे एप्रिलमध्येसुद्धा हा टप्पा जड जात नाही. चौकात १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. ज्यांच्यामुळे ही आपली राजधानी झाली, त्यांच्यापुढे दोन मिनिटं थांबावं. चालणं होत नसेल तर तिसऱ्या मार्गिकेची मेट्रो आहे, सीएसएमटीपासून हुतात्मा चौक पुढचंच स्टेशन. पण भुयारात उतरणं आणि वर येणं यातच चालण्याइतका वेळ जातो.

पुढे काळा घोडा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. दिवसातला सगळ्यात मोठा वेळ इथे द्या, निदान दीड तास. पायाभरणी १९०५ ची, लोकांसाठी खुलं झालं १९२२ मध्ये, वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट. लोक आत शिरतात आणि थेट मूर्तींकडे वळतात. नाशिककराने तसं करू नये. घुमटाखालच्या दालनात मधोमध उभं राहून मान वर करावी. तिथलं कोरीव लाकूडकाम, ते कमानी-कमानींचं वर्तुळ, नाशिकच्या एका वाड्यातलं आहे. ते विकत घेऊन विटेटने या इमारतीत बसवलं. सराफ बाजारातल्या सरकारवाड्याचे खांब ज्यांनी नीट बघितलेत, त्यांना ही धाटणी लगेच ओळखू येईल. खाली दगडी भिंती, वर भलामोठा घुमट आणि मधे आपल्याकडचं लाकूड. पहिल्या मजल्यावर जाऊन कठड्यापाशी उभे राहा, म्हणजे नक्षी डोळ्यांच्या पातळीवर येते. खालून ती अर्धीच दिसते. जुने वाडे एकेक करून पाडले जाताना आपण काय घालवतो, ते इथे हात लांब केल्यावर कळतं. हात लावू मात्र नका.

त्यानंतर मूर्ती आणि लघुचित्रं बघा. मुलं बरोबर असतील तर प्राणी-पक्ष्यांचं दालन चुकवू नका. संग्रहालय सकाळी सव्वादहाला उघडतं, त्यामुळे आपण पोहोचेपर्यंत रांग फार नसते.

गेटवे पाच-सात मिनिटांवर. तोही विटेटचाच, १९२४ मध्ये पूर्ण झालेला. फोटो काढा आणि निघा. घारापुरीची बोट या दिवसात बसवू नका. जायला तास, यायला तास, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, आणि लेणी म्हणजे काही दहा मिनिटांत उरकायची गोष्ट नाही. पांडवलेणी बघून मोठे झालेल्या माणसाने तर घारापुरीला अख्खा दिवस द्यावा: आपली बौद्ध आणि जुनी, ती शैव आणि नंतरची. सोमवारी ती बंद असतात, पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीही बंद.

जेवणाबद्दल एकच कडक सल्ला: मुंबईत मिसळ मागवू नका. काळ्या रश्श्याची, पापडाबरोबरची मिसळ जिभेवर बसलेली असताना तिथली गोडसर लागते, आणि दोष तिचा नसतो. तिथे जे तिथलं आहे ते खा. बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात बेरी पुलाव मिळतो, इराणी झेरेष्कची आंबट लाल फळं भातावर पेरलेला. ते फक्त दुपारी उघडं असतं, म्हणून सव्वा वाजायच्या आत पोहोचा. शाकाहारी आणि घाईत असाल तर स्टेशनसमोरच्या बाजारगेट भागात पंचम पुरीवाला, पुरी-भाजी पटकन समोर येते. नुसता वडापाव हवा तर स्टेशनसमोरच आराम. चहासाठी धोबीतलावचं कयानी, १९०४ पासूनचं: ब्रून मस्का चहात बुडवून खायचा, येताना मावा केक बांधून घ्यायचा.

पावणेतीनला क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ ची. दारावरच्या दगडी पट्टीत शेतकरी कोरलेले आहेत, आत शिरण्याआधी वर बघा. सुकामेवा घेताना चाखायला दिलेला नमुना आणि आतून भरून आणलेली पुडी एकच असेल असं समजू नका. समोरच्या पोत्यातूनच मोजून घ्या. बेदाणे तिथून आणायचं कारण नाही, ते आपल्याच जिल्ह्यात होतात.

खरी खरेदी शेजारच्या मंगळदास मार्केटात. इथे चूक होते ती पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची. लोक भाव मीटरचा विचारतात आणि पन्हा विचारायला विसरतात. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ इंची पन्ह्याचं कापड सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, ५८ इंची पावणेदोनमध्ये भागतं. म्हणजे मीटरला महाग दिसणारं कापड पुष्कळदा स्वस्त पडतं. गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला ४४ इंची अडीच मीटर धरा, ब्लाउजला ८० सेंटीमीटर ते एक मीटर. सुती असेल तर दहा-पंधरा सेंटीमीटर जास्तच घ्या आणि शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं. मार्केट छताखाली आहे, दिव्यांच्या उजेडात मोरपंखी आणि बाटली हिरवा सारखेच वाटतात. ताग्याचं टोक गल्लीच्या तोंडाशी नेऊन बघू द्या म्हणावं, दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत. कात्री चालली की परतावा नाही, तेव्हा हे सगळं आधीच करायचं.

पैठणी मुंबईत शोधू नका, येवला आपल्या जिल्ह्यात आहे. चांदीची भांडीही आपल्या सराफ बाजारातच बरी. झवेरी बाजारात सोनं घ्यायचंच असेल तर दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये तपासून मगच पैसे द्या. घराच्या दिव्यांसाठी लोहार चाळ उत्तम, मात्र प्रत्येक दिवा तिथेच लावून बघा. नाशिकहून बदलायला परत जाणं परवडत नाही.

पाच वाजता हात आवरा. बादशाहमध्ये फालुदा घेतलात तरी साडेपाचला निघायलाच हवं. संध्याकाळी अख्खं फोर्ट स्टेशनकडे चालत असतं, पिशव्या घेऊन एरवीच्या दहा मिनिटांच्या वाटेला वीस लागतात, आणि लांबच्या गाड्यांचे फलाट लोकलच्या पलीकडे आहेत. दादरला चढू असा विचार करू नका. गाडी तिथे मिनिट-दोन मिनिटं थांबते आणि वर सामान ठेवायला जागा उरलेली नसते.

कसाऱ्याला घाट चढण्यासाठी मागून इंजिनं लागतात, तिथे जरा वेळ जातो. नाशिकरोडला उतरताना रात्र झालेली असते. पंचवटी किंवा सिडकोकडे जायचं असेल तर बाहेर पडताच रिक्षाचं भाडं आधी ठरवा, आणि शेअर रिक्षात कापडाची पिशवी मांडीवरच ठेवा.